ओस गल्ली आणि गच्चीवरचा माणूस : २०१९ च्या महापुरानंतरच्या एका छायाचित्र-नोंदीचा प्रकरण अभ्यास

ज्या छायाचित्रामुळे हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले, ते छायाचित्र म्हणून चांगले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी ओसरू लागल्यावर कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजूला, जयंती नाल्याजवळच्या एका गल्लीत ते काढले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सुतळी लावून आखावी तशी एका पातळीत गेलेली पाण्याची खूण, खाली तपकिरी गाळाचा गुळगुळीत थर, मध्येच कलंडलेली एक तीनचाकी, एका शेडच्या तोंडाशी विरघळून बसलेल्या शाडूच्या गणेशमूर्ती, आणि माणूस एकही नाही. मी छायाचित्रण शिकवतो. कॅमेरा माझ्या विद्यार्थ्याच्या हातात होता, परंतु कुठे उभे राहायचे आणि कळ कधी दाबायची हे मी सांगितले होते, त्यामुळे पुढे जे झाले त्याची जबाबदारीही माझीच आहे. चित्रात माणूस नाही, कारण उजव्या हाताच्या एका गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसलेले गृहस्थ उठून आत जाईपर्यंत आम्ही वीसेक मिनिटे थांबलो होतो.

गल्लीचे नाव येथे मुद्दाम देत नाही. ते का, हे पुढे येईलच.

पाणी कसे आले

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणून वाहणारी ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. परंपरा यात पाचवी गुप्त सरस्वतीही धरते. कोल्हापुरात नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. हा आकडा ऐकून शहरात पंचावन्न फूट पाणी होते असा समज बाहेरगावच्या अनेकांचा होतो, परंतु तो बंधाऱ्याजवळच्या नदीच्या पातळीचा आकडा आहे; गल्लीत पाणी किती, हे त्या गल्लीची जमीन किती उंचावर आहे यावर ठरते. आमच्या गल्लीत ते सखल टोकाला पुरुषभर उंचीच्या वर होते आणि चढाच्या टोकाला उंबऱ्याशी थांबले होते.

त्या वर्षी कृष्णाही दुथडी भरून वाहत असल्याने पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नव्हते. पाणी पुढे जात नाही तेव्हा ते मागे पसरते, आणि शहरातून नदीकडे सांडपाणी वाहून नेणारा जयंती नाला उलटा भरू लागतो. त्यामुळे नदी दृष्टीसही न पडणाऱ्या वस्तीत पाणी समोरून लोंढ्याने न येता नाल्यातून आणि गटारांच्या झाकणांखालून हळूहळू वर येते. छायाचित्र काढणाऱ्याने हा फरक समजून घ्यावा लागतो. लोंढा भिंती पाडतो आणि सामान वाहून नेतो. फुगवट्याचे पाणी मात्र घरातले सामान उचलते, काही दिवस अधांतरी धरते आणि ओसरताना भलत्याच जागी ठेवून जाते. एका घरात फ्रीज पलंगावर आडवा झोपला होता. दुसऱ्या घरात गादी दाराला आतून अशी टेकली होती की बाहेरून ढकलणाऱ्याला आत कोणीतरी जोर लावून बसले आहे असे वाटावे. हे सारे पाहून येथे घाईघाईने लूट झाली असावी असे वाटते, आणि चित्राखाली दोन ओळी लिहिल्या नाहीत तर पाहणाराही तसेच समजतो.

५ ऑगस्टला नागपंचमी होती. तिच्या आगेमागे गल्लीतील बहुतेक घरे रिकामी झाली. बायका-मुले आणि म्हातारी माणसे नातेवाइकांकडे किंवा शाळा-मठांतील निवारा केंद्रांत गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने बाहेरगावी असलेल्यांना घरी येता येईना. गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे कुंभारांची शेडे मूर्तींनी भरलेली होती. जेवढ्या उचलता आल्या तेवढ्या माळ्यावर आणि वरच्या मजल्यावर गेल्या. खाली राहिलेल्यांपैकी शाडूच्या मूर्तींची पुन्हा माती झाली. प्लॅस्टरच्या मूर्ती आकाराने बऱ्यापैकी टिकल्या, पण त्यांचे रंग पोपडे धरून सुटले. आमच्या चित्रातला ढीग पाहून सगळे हळहळले; मात्र त्या ढिगाशेजारी अर्ध्या शाबूत उभ्या असलेल्या प्लॅस्टरच्या मूर्ती आम्ही चौकटीबाहेर ठेवल्या होत्या, कारण त्यांच्यामुळे चित्र ‘मोडत’ होते. हा शब्द मीच वापरला होता.

तीन सकाळी

पाणी उतरल्यावर आणि माणसे परतण्याआधी जेमतेम दोन-तीन दिवस असे मिळतात की वस्ती पाण्याने ठेवली तशी दिसते. माणसे आली की पहिल्या तासाभरात फावडी, खराटे आणि बादल्या सुरू होतात, जे अर्थातच योग्य आहे. आम्ही तिघे, म्हणजे मी आणि दोन विद्यार्थी, या मधल्या दिवसांत तीन सकाळी गेलो. गमबूट, हातमोजे, लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणि एक काठी एवढी तयारी होती. काठी सापासाठी घेतली होती, पण ती गाळाखालची उघडी गटारे चाचपायलाच कामी आली. भिजलेली मातीची भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाण्याचा आधार निघून ती वाळू लागल्यावर पडते, म्हणून अशा भिंतीजवळ उभे राहायचे नाही हा नियम पहिल्याच दिवशी ठरवला.

ट्रायपॉडचे पाय गाळात रुतत आणि दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेरा प्रकाश आत घेत असतो तेवढ्या वेळात, चित्र हलत असे. प्रत्येक पायाखाली फुटक्या कौलाचा तुकडा ठेवल्यावर ते थांबले. बंद घरातली हवा कोंदट आणि दमट असल्याने दार उघडताच लेन्सवर वाफ धरत असे. ती पुसण्यापेक्षा दहा मिनिटे थांबणे बरे, कारण रुमालाला लागलेला बारीक गाळ लेन्सच्या काचेवर ओरखडे पाडतो. ओला गाळ इतका प्रकाश गिळतो की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि खिडकीबाहेरचे आभाळ पांढरे फटक होते, म्हणून एकाच जागेवरून कमी-अधिक एक्स्पोजरची तीन चित्रे घेतली. या गोष्टी कोणीही शिकवू शकतो.

लेन्सची निवड मात्र तेवढी निरुपद्रवी नसते. रुंद दृश्य टिपणाऱ्या २४ मिलिमीटरच्या लेन्सने दहा बाय बाराची खोली सभागृहाएवढी लांबरुंद दिसते आणि चार माणसांची अरुंद गल्ली ओसाड रस्ता होते. पहाटे साडेपाचला काढले तर पूर नसतानाही कोल्हापूरची कोणतीही पेठ निर्मनुष्य दिसेल. थोडक्यात, आम्ही जो एकांत टिपत होतो त्यातला बराचसा आम्हीच तयार केलेला होता.

दुसऱ्या सकाळी एका घराचे दार उघडे दिसले. लाकूड फुगून चौकट आवळली होती आणि कडी बिजागरीसह निखळून लोंबत होती. आम्ही हाका मारल्या, उत्तर आले नाही आणि आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, जमिनीपासून सहा फूट दोन इंचांवर पाण्याची रेषा होती. विद्यार्थ्याने टेप लावून ती मोजली आणि टेपसह चित्र घेतले. त्या रेषेच्या चार बोटे खाली एक लाकडी फळी होती. फळीवर नागपंचमीला आणलेला मातीचा नागोबा असावा, कारण तेथे आता तळहाताएवढा तपकिरी चट्टा उरला होता आणि त्यात शेजारी शेजारी दोन गुंजा रुतल्या होत्या. नागोबाचे डोळे तेवढे जागेवर राहिले होते. फळीच्या वरच्या भिंतीवर दिनदर्शिका होती; ऑगस्टच्या पानाचा खालचा अर्धा भाग भाजलेल्या पापडासारखा फुगला होता आणि वरचा कोरा करकरीत होता. शेजारी थांबलेले भिंतीवरचे घड्याळ होते. पूर म्हटला की प्रत्येक छायाचित्रकार थांबलेले घड्याळ आणतोच; आमच्याकडे त्या तीन दिवसांत चार जमा झाली. पाणी त्या उंचीला पोहोचले तेव्हा किती वाजले होते एवढे ते सांगते खरे, पण दिवस कोणता आणि सकाळ की रात्र हे सांगत नाही.

आम्ही त्या घरात पंधरा मिनिटे होतो. काही हलवले नाही, काही उचलले नाही. त्या वेळी एवढ्यावर आमचे समाधान झाले होते.

चित्र फिरले

त्याच संध्याकाळी विद्यार्थ्याने गल्लीचे आणि दोन गुंजांचे अशी दोन चित्रे मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. खाली गल्लीचे नाव होते आणि ‘आज सकाळी, पूर्ण ओस’ असे लिहिले होते. हेतू वाईट नव्हता. मदत घेऊन येणाऱ्यांना परिस्थिती कळावी असे त्याला वाटले होते. रात्री नऊपर्यंत ती चित्रे ज्या शाळेत गल्लीतील चाळीसेक माणसे राहिली होती तिथे पोहोचली. तेथे ती ज्या नजरेने पाहिली गेली, तो विचार आमच्या तिघांच्याही डोक्यात आला नव्हता. दारे उघडी आहेत, माणूस नाही आणि हे आता साऱ्या गावाला माहीत झाले आहे, असा त्यांचा अर्थ झाला. पुराच्या दिवसांत रिकाम्या घरांतील चोरीची धास्ती पाण्याइतकीच मोठी असते; म्हणूनच प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरा कर्ता पुरुष वरच्या मजल्यावर मागे राहतो. सकाळची वाट न पाहता तीन जण अंधारात गल्लीकडे निघाले. वीज बंद, रस्त्यावर ढोपरभर राड. त्यांपैकी एकाचा पाय गाळाखालच्या पत्र्यावर पडला आणि तळव्याला चार टाके पडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या शाळेत गेलो. स्वयंपाकघर ज्यांचे होते त्या काकू पन्नाशी ओलांडलेल्या, तोंडाने फटकळ. विद्यार्थी त्यांना “काकू, चुकलं आमचं” म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघता मला विचारले, “माज्या घरात माज्या आदी तुमी गेलासा. चपला तरी काढल्यासा न्हवं?” आम्ही गमबूट घालून गेलो होतो. कंबरेएवढ्या उंचीच्या कपाटापर्यंत गाळ माखलेल्या घरात चपला काढण्याला काय अर्थ, असे क्षणभर मनात आले, पण ते तोंडावर आणण्याची हिंमत झाली नाही. पाणी आत शिरले म्हणून त्यांच्या लेखी ते स्वयंपाकघर, त्यातला देव आणि त्यातला उंबरा कुठेही गेलेले नव्हते. आम्ही मात्र त्याला ‘इंटीरियर’ म्हणत होतो.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीची वस्ती नव्या जागेवर गेली आणि जुने गाव मागे राहिले. आमच्याच जवळ, १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या, तरी जुन्या गावांत घरे, शेती आणि माणसे राहिली, म्हणून तेथे पुन्हा पुन्हा पूर सोसावा लागतो. किल्लारीच्या जुन्या गावठाणाला ओस म्हणणे चुकीचे नाही. दोन-चार दिवसांसाठी मालक बाहेर गेलेल्या शहरातील गल्लीला ओस म्हटले, तर शब्दानेच एक अधिकार काढून घेतला जातो. आणि ज्या जागेला मालक नाही असे मनात ठरले, तिथे शिरताना परवानगीचा प्रश्न पडत नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समध्ये शोधपथके तपासलेल्या घरांच्या दर्शनी भागावर रंगाने फुली मारत आणि तिच्या कोनांत तारीख, पथकाचे चिन्ह आणि आत सापडलेल्यांची संख्या लिहीत. त्या दारांची छायाचित्रे जगभर गेली. जगाला ती फुली दिसली. ज्यांचे ते दार होते त्यांना आपला पत्ता आणि त्याच्यापुढे लिहिलेला आकडा दिसला असणार.

पंचनामा

येथवर हे प्रकरण केवळ आमच्या आगाऊपणाचे झाले असते. दुसरी बाजू त्यानंतरच्या आठवड्यात समोर आली.

परत आल्यावर माणसे घर धुऊन काढतात, भिजलेले धान्य आणि गाद्या रस्त्यावर टाकतात, आणि त्या कचऱ्याच्या गाड्या निघून गेल्यावर पंचनाम्याचे पथक येते. म्हणजे नुकसान जितके तत्परतेने साफ केले, तितका त्याचा पुरावा कमी. त्या वर्षी सानुग्रह मदत शहरी भागात कुटुंबामागे १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये जाहीर झाली होती, आणि मदतीच्या निकषांत घर दोन दिवस पाण्याखाली असल्याची अटही होती, जिच्यावरून बराच गदारोळ झाला. काकूंचे घर तोपर्यंत लख्ख झाले होते. भिंतीवरची रेषासुद्धा त्यांच्या सुनेने घासून फिकी केली होती. त्यांचा मुलगा स्वतः आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, ते फोटो आता द्या की.”

आमच्या चित्रांत टेप होती, रेषा होती, सामानाची अवस्था होती. परंतु दोन दोष निघाले. पहिला लाजिरवाणा होता: त्या कॅमेऱ्याच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे सकाळी सातची चित्रे संध्याकाळी सातची म्हणून नोंदली गेली होती, आणि खिडकीतून ऊन येत असलेले चित्र संध्याकाळी सातचे कसे, हा प्रश्न पथकातील माणसाने पहिल्याच नजरेत विचारला. एकामागून एक चित्रांचा क्रम आणि दुसऱ्या कॅमेऱ्यातील वेळ दाखवून ते समजावता आले. दुसरा दोष अधिक मूलभूत होता. भिंतीवरची रेषा पाणी किती चढले हे सांगते. किती दिवस राहिले हे सांगत नाही. पाणी ओसरताना जिथे जिथे थबकते तिथे खाली बारीक दुय्यम रेषा उमटतात, त्या आमच्या मोठ्या चित्रांत मोजता येत होत्या, पण रेषेवरून दिवस काढता येत नाहीत. आम्ही पाणी गेल्यावर आलो होतो, आणि ज्याची नोंद हवी होती ते पाणी असतानाचे होते.

ती नोंद गच्चीवर होती. ज्यांच्या जाण्याची आम्ही वीस मिनिटे वाट पाहिली ते गृहस्थ पूर चढल्यापासून उतरेपर्यंत वरच्या मजल्यावरच राहिले होते. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. महामार्ग बंद असल्याने त्याला येता येईना, म्हणून तो रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून पाणी किती आहे ते विचारी, आणि हे दर वेळी गच्चीच्या त्याच कोपऱ्यातून, समोरचा विजेचा खांब मध्ये धरून, एक फोटो काढून त्याला पाठवत. फोन इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चार्ज करत होते. तेवीस फोटो होते. त्यांपैकी निम्मे तिरके, तीन हललेले, एकात बोट. खांबावरची क्रमांकाची पट्टी कोणत्या फोटोत दिसते, कोणत्यात अर्धी बुडाली आहे आणि कोणत्यात नाहीच, हे पाहत गेले की पाण्याची चढ-उतार दिवसागणिक वाचता येत होती. छायाचित्रणाच्या वर्गात ठरावीक जागेवरून, ठरावीक खूण धरून, ठरावीक अंतराने चित्रे घेण्याची पद्धत मी दरवर्षी शिकवतो. त्यांना ती कोणी शिकवलेली नव्हती. “पोरगं इचारतंय म्हणून काढलं, दुसरं काय?” एवढेच त्यांचे म्हणणे.

व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या चित्रातून वेळेची मूळ माहिती गळून पडते, म्हणून मुलाकडच्या प्रती उपयोगाच्या नव्हत्या. सुदैवाने फोनमधील मूळ चित्रे पुसलेली नव्हती. आम्ही ती केबलने उतरवून घेतली, त्यांत काहीही न सुधारता तारीख-वेळेसह एका कागदावर ओळीने छापली, खाली त्यांची सही घेतली आणि गल्लीतील ज्या घरांना हवी होती त्यांना एकेक प्रत दिली. पथकाने ती अर्जासोबत ठेवून घेतली. चित्रांमुळेच मदत मिळाली असे मी म्हणणार नाही. पथकाची स्वतःची पाहणी आणि शेजाऱ्यांचे जबाब होतेच. मात्र ‘दोन दिवस’ या शब्दांवर वाद घालताना लोकांच्या हातात काहीतरी होते, आणि ते आमच्या महागड्या लेन्समधून आलेले नव्हते.

अल्बम

पंचनामा होऊन गेल्यावर काकूंनी आम्हाला बोलावून घेतले ते वेगळ्याच कामासाठी. अडकून बसलेले लोखंडी कपाट तोपर्यंत उघडता आले नव्हते. पहारीने उघडल्यावर खालच्या कप्प्यात लग्नाचा अल्बम निघाला, भिजून वीट झालेला. “तुमी फोटोवालं न्हवं? मग ह्ये बगा,” असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

रंगीत छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो ओला असताना फुगतो आणि घाणेरड्या पाण्यातील जिवाणू तो खातात, म्हणून कडेकडून रंग सुटून लाल-पिवळे ओघळ दिसू लागतात. अशी चित्रे एकमेकांना चिकटलेली असताना वाळली की कायमची गेली. ती ओलीच ठेवायची, स्वच्छ थंड पाण्यात तरंगू द्यायची, आपोआप सुटतील तशी वेगळी करायची, पृष्ठभागाला बोट न लावता खळबळून काढायची आणि उन्हात न ठेवता सावलीत दोरीवर टोकाने टांगायची. २०११ च्या मार्चमधील त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेली लाखो कौटुंबिक छायाचित्रे अशाच रीतीने धुऊन मालकांपर्यंत पोहोचवली.

अडचण एकच होती, ती म्हणजे स्वच्छ पाणी. शहराला पाणी पुरवणारी नदीकाठची उपसा केंद्रेच पुरात बुडाल्याने नळ कोरडे होते आणि टँकर आला की घागरींची रांग लागत होती. सात फूट पाण्यात आठवडा काढलेल्या गल्लीत फोटो धुवायला बादलीभर पाणी मागण्याची मला लाज वाटली. शेवटी गच्चीवरच्या त्याच गृहस्थांनी पत्र्याच्या पन्हाळीखाली ठेवलेल्या पिंपातले पावसाचे पाणी दिले. दोन विद्यार्थी, काकूंची सून आणि मी अशा चौघांनी दोन दुपार खपून एकतीस चित्रे सोडवली. बाकीची गेली. वरातीच्या एका चित्रात नवऱ्या मुलाचा फेटा आणि मागचा बँडवाला शिल्लक राहिला, मधला भाग पांढरा झाला. काकू ते चित्र हातात धरून बराच वेळ हसत होत्या. त्या वेळी आमच्यापैकी कोणी कॅमेरा काढला नाही, आणि काढावा असे कोणाच्या मनातही आले नाही.

नंतर जे बदलले

या अनुभवानंतर आमच्या कामाची रीत बदलली. घराच्या आत मालकासोबत किंवा मालकाने फोनवर ‘जा’ म्हटल्यावरच जायचे. बाहेरची चित्रे मुक्तपणे घ्यायची, परंतु गल्ली पुन्हा वसेपर्यंत ठिकाणाच्या नावासह कुठेही टाकायची नाहीत. मोठ्या वृत्तपत्रात काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला हे पटत नाही. पुरासारख्या घटनेत ठिकाण लपवणे म्हणजे बातमी मारणे आहे, मदत नावाच्या मागे जाते असे तो म्हणतो, आणि रस्ते बंद असलेल्या एखाद्या खेड्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे बरोबर आहे. टँकर आणि पथके पोहोचलेल्या शहरातील गल्लीच्या बाबतीत मी माझ्या मतावर आहे. तिसरा बदल सर्वांत साधा: चित्रात येणारा गच्चीवरचा माणूस आता आम्ही चित्रात ठेवतो आणि काम झाल्यावर वर जाऊन त्याच्या फोनमध्ये काय आहे ते विचारतो.

ते पहिले चित्र मी नंतर कुठे प्रदर्शित केले नाही. दोन गुंजांचे चित्र मात्र आठ बाय बाराच्या आकारात छापून, फ्रेम करून काकूंना दिले. त्यांनी ते स्वयंपाकघरातच, फिकट झालेल्या रेषेच्या अगदी वर टेकवून लावले. नवीन माणसाला पाणी कुठवर आले होते ते बोटाने दाखवावे लागू नये म्हणून.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. करोनाची साथ सुरूच होती, निवारा केंद्रात जायला लोक बिचकत होते, आणि राजाराम बंधाऱ्यावरची पातळी २०१९ च्याही वर गेली. या वेळी गल्ली लवकर हलली. सामान आधीच माळ्यावर गेले, आणि निघण्यापूर्वी काकूंच्या मुलाने घरातील प्रत्येक खोलीचा फोटो स्वतःच काढून ठेवला. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला: “या, आमी घरात हाय.” आम्ही उंबऱ्यापाशी गमबूट काढले, तशा त्या ओरडल्या, “आता राड हाय, घाला की पायात!” स्वयंपाकघरात नवी रेषा जुन्या रेषेच्या चार बोटे वर होती. विद्यार्थ्याने टेप लावली. फ्रेम खिळ्यालाच होती. तिच्या काचेमागे खालून चार बोटे पाणी चढून गेले होते आणि छापलेल्या रेषेच्या खालचा कागद फुगून तपकिरी झाला होता.